निर्गुडीने सूज खरंच उतरते का? औषधी वनस्पतींची सूजविरोधी टेस्ट लॅबमध्ये कशी करायची

निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधला की सूज उतरते हे आपल्याकडे घरोघरी माहितीये, पण तोच पाला लॅबमध्ये टेस्ट करायला घेतला की लगेच प्रश्न पडतो, नेमकं मोजायचं काय आणि कशात? एम. फार्म, एमएस्सी बॉटनी, आयुर्वेदाचं पीजी करणारी मुलं दरवर्षी हा विषय प्रोजेक्टला घेतात, एखाद्या पेपरमधली मेथड उचलतात, ग्राफ वर गेला की वनस्पती सूजविरोधी आहे असं लिहून मोकळी होतात. वाईट याचं वाटतं की वनस्पती खरंच चांगली असते, मेहनतही खरी असते, फक्त टेस्ट अशी लावलेली असते की आलेल्या आकड्याचा अर्थच लागत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की मशीन भारी नसलं तरी चालतं, पण हातातली वनस्पती नक्की कोणती आणि कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या ट्यूब किंवा गट, कोणकोणते लावलेत या दोन गोष्टींत ढिलाई चालत नाही. मी खाली उदाहरण निर्गुडीचं घेतलंय, पण पद्धत बाकीच्यांनाही तीच.

आधी वनस्पती पक्की करा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात. रास्ना घ्या, नाव एकच पण उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, दक्षिणेत कुलिंजन, बंगालकडे व्हँडा ऑर्किडची मुळं. पुनर्नवा म्हणून बाजारात जे येतं त्यात ट्रायन्थेमा नावाचं दुसरंच तण मिसळलेलं असू शकतं. गुळवेलीचं तर सगळ्यांना आठवत असेल, कोविडच्या काळात घरोघरी काढे झाले, २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी लिव्हरला इजा झालेल्या पेशंटचा रिपोर्ट छापला आणि मग २०२२ मध्ये आयुष मंत्रालयाने खुलासा काढला की टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा त्रासदायक ठरू शकते. दोन्ही वेली, दोन्हींची पानं हृदयाच्या आकाराची, फरक खोड कापून बघितल्यावर कळतो, क्रिस्पाला दुधासारखा चीक येतो आणि गुळवेलीला येत नाही. आता सांगा, नमुनाच जर चुकला तर पुढची सहा महिन्यांची मेहनत कुणाच्या नावावर लिहायची?

म्हणून शक्यतो दुकानातली पावडर घेऊ नका. ओढ्याकाठी, शेताच्या बांधावर निर्गुडी भरपूर असते, स्वतः जा आणि फुलं असताना फांदी तोडा. पानं तीन किंवा पाच पर्णिकांची, खालची बाजू पांढुरकी राखाडी, फुलं निळसर जांभळी. तिचीच बहीण व्हायटेक्स ट्रायफोलिया बरीच सारखी दिसते त्यामुळे नुसत्या पानावर भरवसा ठेवू नका. फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा, हर्बेरियम शीट (कागदावर चिकटवलेला वाळका नमुना) बनवा आणि ओळख पटवून घ्यायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथून व्हाउचर नंबर, म्हणजे जमा केलेल्या नमुन्याचा नोंद क्रमांक, घ्या आणि तो थिसीसमध्ये लिहा. गोळा केल्याची तारीख, गाव, झाडाचा कोणता भाग, हेही त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा, नंतर आठवत नाही.

भागाचं महत्त्व किती असतं ते दशमुळांवरून कळतं. चरकसंहितेत सूज कमी करणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण दिलाय तीच ही दशमुळं, बेल, टेटू, शिवण, पाडळ, गोखरू वगैरे, आणि नावातच मूळ आहे. पण मोठ्या झाडांची मुळं खणली की झाड जातं म्हणून बऱ्याचदा त्याऐवजी खोडाची साल वापरली जाते. झाड वाचवायचा विचार चांगलाच आहे, तोच कायम ठेवून सालीवर टेस्ट जरूर करा, पण मग निष्कर्षात मूळ लिहू नका, साल लिहा. सालीत तोच गुण आहे का हा खरंतर स्वतंत्र आणि मस्त प्रोजेक्ट होऊ शकतो.

वाळवणं आणि अर्क

पाला नळाखाली पटकन धुवा, पाण्यात भिजत घालू नका, आणि सावलीत वाळवा. ओव्हन वापरायचाच असेल तर ४० डिग्रीच्या खाली, कारण निर्गुडीच्या पानात उडून जाणारं तेल असतं, चुरगळल्यावर जो उग्र वास येतो तो त्याचाच, जास्त तापवलं की ते गेलंच. पान हातात घेतल्यावर कुरकुरीत तुटलं पाहिजे, लवचिक राहिलं तर ओल आहे आणि बुरशी धरणार.

अर्क कशात काढायचा हे ठरवताना लोक डोळे झाकून मिथेनॉल घेतात. मिथेनॉलमध्ये बरंच काही उतरतं हे खरं, पण तुम्हाला जर पारंपरिक वापर तपासायचा असेल तर काढा पण करा. शास्त्रोक्त काढ्याचं माप म्हणजे एक भाग भरड, सोळापट पाणी, मंद आचेवर आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं. एक पाण्याचा आणि एक ७० टक्के इथेनॉलचा असे दोन अर्क शेजारी शेजारी टेस्ट केले तर बोलायला काहीतरी हातात येतं. अर्क गाळून रोटरी इव्हॅपोरेटरवर किंवा पाण्याचा असेल तर फ्रीझ ड्राय करून कोरडा करा, वजन करा आणि यील्ड काढा, १०० ग्रॅम पावडरमधून १० ग्रॅम अर्क निघाला तर १० टक्के. हा आकडा जपून ठेवा, पुढे डोस काढताना याच्याशिवाय काम होत नाही.

त्याच दिवशी थोडा अर्क टीएलसी प्लेटवर (अर्कातले घटक पट्ट्यांत वेगळे करणारी प्लेट) चालवून फोटो काढून ठेवा, तिच्याच सुधारित एचपीटीएलसीची सोय असेल तर उत्तमच, निर्गुडीला अग्नुसाइड हा मार्कर, म्हणजे ओळखीचा घटक, म्हणून चालतो. पुढच्या वर्षी कुणी तुमचं काम पुन्हा करायला घेतलं तर त्याच्या अर्काशी तुलना करायला हाच फोटो कामाला येणार. आणि दोन साध्या टेस्ट आत्ताच उरकून घ्या, फेरिक क्लोराइड टाकून टॅनिन आहे का बघा आणि पाण्यात जोरात हलवून फेस टिकतो का बघा म्हणजे सॅपोनिनचा अंदाज येतो. का ते लगेच कळेल.

पहिली पायरी, अल्ब्युमिनची टेस्ट

सगळ्यात स्वस्त टेस्ट ही, अंड्यातल्या पांढऱ्याचं प्रोटीन तापवल्यावर गढूळ होतं, ते गढूळ होणं अर्काने किती थांबतं ते मोजायचं. टेस्ट ट्यूबमध्ये ०.२ मिली अंड्याचं अल्ब्युमिन, २.८ मिली फॉस्फेट बफर पीएच ६.४ चं आणि २ मिली अर्काचं द्रावण, एकूण ५ मिली. म्हणजे तुमच्या स्टॉकचं कॉन्सन्ट्रेशन ट्यूबमध्ये ४० टक्क्यांवर येतं, ग्राफवर हेच अंतिम कॉन्सन्ट्रेशन टाकायचं, स्टॉकचं नाही. ३७ डिग्रीला १५ मिनिटं, मग ७० डिग्रीला ५ मिनिटं, थंड करा, ६६० नॅनोमीटरला रीडिंग घ्या. सोबत डायक्लोफेनॅक या सूजविरोधी औषधाची, वेगवेगळ्या कॉन्सन्ट्रेशनची सिरीज लावा.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. अर्काला स्वतःचा रंग असतो, निर्गुडीचा तर हिरवट तपकिरी असतोच. समजा कंट्रोलचं रीडिंग ०.८० आलं आणि अर्क टाकलेल्या ट्यूबचं ०.५२, तर सरळ हिशोब केला तर ३५ टक्के अटकाव दिसतो. पण प्रोटीन न टाकता नुसता अर्क आणि बफर घेऊन रीडिंग घेतलं आणि ते ०.१८ निघालं, तर प्रोटीनमुळे झालेला गढूळपणा फक्त ०.३४, म्हणजे खरा अटकाव साडेसत्तावन्न टक्के. फरक बघा केवढा आहे! म्हणून प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला त्याचा स्वतःचा ब्लँक, म्हणजे प्रोटीन न टाकलेली ट्यूब, लावायचा, सगळ्यांना मिळून एक ब्लँक चालत नाही. दुसरं, काही पेपरमध्ये फॉर्म्युला उलटा दिलेला असतो, टेस्ट भागिले कंट्रोल वजा एक, त्याने गढूळ ट्यूबला जास्त मार्क मिळतात. फॉर्म्युला कॉपी करायच्या आधी ट्यूब उजेडात धरून बघा, गढूळ म्हणजे प्रोटीन बिघडलं, स्वच्छ म्हणजे वाचलं, आणि आकडा डोळ्यांना दिसतंय तेच सांगतोय का ते तपासा.

टॅनिनवाल्या वनस्पती, म्हणजे हिरडा, बाभळीची साल, खैर, इथे फसवतात. टॅनिन प्रोटीनला स्वतःच चिकटून साका तयार करतं, कधी गढूळपणा वाढतो, कधी साका तळाला बसून वरचं पाणी स्वच्छ दिसतं आणि वाटतं काय जबरदस्त रिझल्ट आलाय. अशा वेळी न तापवलेली ट्यूब पण लावा, त्यातच गढूळ झालं तर समजून जा. टॅनिन पीव्हीपीपीने (टॅनिन धरून ठेवणारी पावडर) काढून टाकून टेस्ट परत करता येते.

आणि खरं सांगायचं तर ही टेस्ट फक्त चाळणी आहे. शरीरातल्या सुजेत प्रोस्टाग्लँडिन, सायटोकाइन ही सूज वाढवणारी रसायनं, पांढऱ्या पेशी असा मोठा पसारा असतो, त्यातलं काहीच या ट्यूबमध्ये नाही. एवढ्यावर वनस्पती सूजविरोधी आहे असं लिहू नका, प्रोटीन डीनेचरेशनला अटकाव दिसला एवढंच लिहा.

लाल पेशींची टेस्ट

दुसरी चाळणी रक्ताच्या लाल पेशींची, तर्क असा की लाल पेशीचं आवरण लायसोसोमच्या (पेशीतली एन्झाइमची पिशवी) आवरणासारखं असतं, ते जर अर्काने टिकलं तर सूज वाढवणारी एन्झाइम बाहेर पडणं पण कमी होईल. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं, त्याने आधीचे दोन आठवडे कुठलीही पेनकिलर घेतलेली नसावी, आणि मित्राचं रक्त असलं तरी संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आणि लेखी संमती लागतेच. रक्त अल्सेव्हर द्रावणात (रक्त गोठू न देणारं) घेऊन ३००० आरपीएमला सेंट्रिफ्यूज करा, आयसोटोनिक, म्हणजे पेशी न फुटणाऱ्या, सलाइनने पेशी धुवा आणि १० टक्के सस्पेन्शन बनवा. मग ०.३६ टक्के सलाइनमध्ये, म्हणजे पाणी शिरून पेशी फुटतील एवढ्या पातळ द्रावणात, अर्कासह ३७ डिग्रीला अर्धा तास ठेवा, पुन्हा सेंट्रिफ्यूज करा आणि वरच्या द्रावणातलं हिमोग्लोबिन ५६० नॅनोमीटरला मोजा. पूर्ण फुटलेल्या पेशींसाठी डिस्टिल्ड वॉटरची ट्यूब.

फेसाची टेस्ट इथे कामी येते. सॅपोनिन लाल पेशी फोडतं, त्यामुळे शिकेकाई रिठ्यासारख्या वनस्पतींना ही टेस्ट लावलीत तर उलटाच रिझल्ट येईल आणि त्याचा सुजेशी काही संबंध नसेल. आयसोटोनिक सलाइनमध्ये अर्क टाकलेली एक ट्यूब ठेवा, त्यातच लाल रंग सुटला तर ही टेस्ट त्या वनस्पतीसाठी नाही.

पेशींवरची टेस्ट

इथून पुढे कामाला वजन येतं. रॉ २६४.७ ही उंदराच्या मॅक्रोफेजची (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी) सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, आहे, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या रिपॉझिटरीतून मागवता येते. या पेशींना एलपीएस (बॅक्टेरियाचं एंडोटॉक्सिन) दिलं, साधारण १ मायक्रोग्रॅम प्रति मिली, की त्या खवळतात आणि नायट्रिक ऑक्साइड सोडतात, अर्क एक तास आधी द्यायचा, एलपीएसनंतर २४ तासांनी वरचं मीडियम काढून तेवढंच ग्रीस रिएजंट, नायट्राइट असेल तर गुलाबी होणारं, टाकायचं, दहा मिनिटं अंधारात ठेवायचं आणि गुलाबी रंग ५४० नॅनोमीटरला मोजायचा. सोडियम नायट्राइटची स्टँडर्ड कर्व्ह दरवेळी त्याच प्लेटवर.

पण त्याआधी एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणारी टेस्ट. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडत नाही, म्हणजे विषारी अर्क इथे सगळ्यात भारी सूजविरोधी दिसणार, कंट्रोलच्या तुलनेत ज्या कॉन्सन्ट्रेशनला किमान ८०-९० टक्के पेशी जिवंत आहेत तिथपर्यंतच पुढची टेस्ट करायची. एमटीटी टाकायच्या आधी अर्क धुऊन काढा, कारण पॉलीफेनॉल स्वतःच एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) शेवटच्या मिश्रणात ०.१ टक्क्यांपर्यंतच ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही द्या, हा व्हेइकल कंट्रोल फार जण विसरतात.

अजून दोन पळवाटा बंद करायच्या आहेत. एक म्हणजे अर्क चांगला अँटिऑक्सिडंट असेल तर तो तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड नुसतंच टिपून घेतो, पेशी तशाच खवळलेल्या राहतात, हे ओळखायला सोडियम नायट्रोप्रुसाइडची (स्वतःच नायट्रिक ऑक्साइड सोडणारं रसायन) साधी टेस्ट पेशींशिवाय करून बघा. दुसरं, झाडपाल्यावर बॅक्टेरिया असतातच, त्यांचं एंडोटॉक्सिन अर्कात उतरतं आणि अर्कच पेशींना खवळवतो, म्हणून एलपीएस न देता नुसता अर्क दिलेल्या वेल (प्लेटमधले खळगे) पण हव्यात, त्यात नायट्राइट वाढलं तर एंडोटॉक्सिन निकामी करणारं पॉलीमिक्सिन बी टाकून परत बघा. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे सूज कमी करतं हे आधीच माहीत असलेलं औषध, डेक्सामिथासोन. बजेट असेल तर टीएनएफ अल्फा आणि आयएल ६ या सायटोकाइनचं एलायझा (प्रमाण मोजायची टेस्ट) जोडा, मग तुमचं बोलणं कुणी सहज खोडणार नाही.

हळद घेणाऱ्यांना वेगळं सांगतो. कर्क्युमिन पिवळं असतं, चमकतं, पाण्यात टिकत नाही आणि बऱ्याच टेस्टमध्ये प्रोटीनशी कशाही रितीने गुंतून खोटा पॉझिटिव्ह देतं. हळद करायचीच तर एका टेस्टवर थांबू नका, वेगवेगळ्या तत्त्वावरच्या किमान तीन टेस्ट एकच गोष्ट सांगतायत का ते बघा. सालईच्या डिंकाचं त्यामानाने सोपं, त्यातली बोस्वेलिक ॲसिड ५-लायपॉक्सिजनेजला अडवतात हे माहितीये, त्यामुळे ते एन्झाइम थेट तपासता येतं.

ट्रिप्लिकेट म्हणजे तीन प्रयोग नव्हेत हेही लक्षात घ्या, एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे एकच प्रयोग. वेगळ्या दिवशी, पेशी नव्याने वाढवून, असं किमान तीनदा करा आणि मग सरासरी, एसडी (आकड्यांचा पसारा), अनोव्हा (गटांतला फरक तपासायची सांख्यिकी टेस्ट), आणि प्रत्येक डोसची कंट्रोलशी तुलना करायची असेल तर डनेट टेस्ट.

प्राण्यांवर जायचं असेल तर

वरच्या टेस्टमध्ये काहीच दिसलं नाही तर प्राण्यांवर जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय, नुसता थिसीस भरण्यासाठी जीव वापरायचा नसतो. जायचंच तर कॉलेज सीसीएसईएकडे, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीकडे, रजिस्टर हवं, ही पूर्वीची सीपीसीएसईए, आणि आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी एथिक्स कमिटीची, मंजुरी प्रयोगाच्या आधी हवी, नंतर घेतलेली चालत नाही. मंजुरीच्या अर्जात, म्हणजे फॉर्म बीमध्ये, प्राण्यांची संख्या का तेवढीच लागते ते पटवून द्यावं लागतं.

डोस काढताना पेपरमधले २०० आणि ४०० मिलीग्रॅम प्रति किलो तसेच उचलू नका. हिशोब करा. समजा पारंपरिक वापरात ६० किलोच्या माणसाला दिवसाला १० ग्रॅम भरडीचा काढा देतात आणि यील्ड १० टक्के, म्हणजे १ ग्रॅम अर्क, म्हणजे किलोमागे साधारण १६.७ मिलीग्रॅम. माणसावरून रॅटवर येताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबाने ६.२ ने गुणायचं, उत्तर सुमारे १०३ येतं. मग ५०, १००, २०० असे तीन डोस घेतले तर ते का घेतले हे व्हायवात छातीठोकपणे सांगता येतं. त्याआधी ओईसीडीच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे विषारीपणाची तपासणी.

मुख्य मॉडेल कॅरॅजीननचं, १९६२ पासून चालत आलेलं. लाल समुद्री शेवाळातून मिळणारं कॅरॅजीनन १ टक्का सलाइनमध्ये, ०.१ मिली मागच्या पंजाच्या तळव्यात, अर्क एक तास आधी तोंडाने. सुरुवातीची सूज हिस्टामिन आणि सेरोटोनिनमुळे येते, नंतरची मुख्यतः प्रोस्टाग्लँडिनमुळे, त्यामुळे तुमचा अर्क पहिल्या तासात काम करतो की तिसऱ्या-चौथ्या तासात यावरून तो कशावर काम करत असावा याचा अंदाज येतो, म्हणून एकच रीडिंग घेऊन थांबू नका. प्लेथिस्मोमीटरमध्ये (पंजाचं आकारमान मोजायचं यंत्र) पंजा दरवेळी एकाच खोलीपर्यंत बुडला पाहिजे, घोट्याच्या सांध्यावर मार्करने रेघ मारून ठेवा. हिशोब वाढीचा करायचा, सुरुवातीचं माप १ मिली असेल आणि तिसऱ्या तासाला कंट्रोल १.८, अर्कवाला १.४, तर वाढ ०.८ आणि ०.४, म्हणजे अटकाव ५० टक्के. मूळ माप वजा न करता केलं तर २२ टक्केच दिसेल. गट पाडताना चिठ्ठ्या टाका आणि मोजणाऱ्याला कुठला गट कुठला हे माहिती नसू द्या. डायक्लोफेनॅक किंवा इंडोमिथासिनचा गट सोबत असतोच, मग शेवटी पोटाच्या अस्तरावर व्रण आहेत का तेही बघा, कारण ही औषधं पोटाला त्रास देतात आणि तुमचा अर्क तो देत नसेल तर ही बातमी सुजेएवढीच मोठी आहे. जुनाट सुजेसाठी कॉटन पेलेटचं (कातडीखाली कापसाची गोळी ठेवायचं) सात दिवसांचं मॉडेल वेगळं करावं लागतं, कॅरॅजीननवरून संधिवाताबद्दल बोलता येत नाही. मेलेले प्राणी पिवळ्या पिशवीत, बायोमेडिकल वेस्टमध्येच, उघड्यावर टाकायचे नाहीत, डायक्लोफेनॅक दिलेली मेलेली जनावरं खाऊन गिधाडं कशी मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याच्यावर बंदी का आली हे आपल्याला माहितीये.

कागदपत्रांचं

ज्यांच्याकडून वापर कळला, वैदू असो की गावातली आजी, त्यांना विचारूनच त्यांची माहिती लिहा आणि श्रेय द्या. हळदीने जखम भरते याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं, सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने आव्हान देऊन ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, आणि ते जमलं कारण आधीचं लिखित ज्ञान पुराव्याला दाखवता आलं. तुम्हाला स्वतःला पेटंट करायचं असेल तर जैवविविधता कायदा २००२ आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती वाचा, राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं, आणि पेपर किंवा पोस्टर छापायच्या आधी गाइडशी हे बोलून घ्या कारण एकदा छापलं की नवीनपणाचा दावा अवघड होतो. निगेटिव्ह आलेले रिझल्ट पण वहीत आणि थिसीसमध्ये राहू द्यात, कोणत्या अर्काने काही झालं नाही हे कळलं तर पुढच्याचं वर्ष वाचतं. उरलेला कोरडा अर्क घट्ट झाकणाच्या बाटलीत, उजेड न लागता, उणे २० डिग्रीला ठेवा आणि लेबलवर व्हाउचर नंबर, भाग, सॉल्व्हंट, यील्ड आणि तारीख पेन्सिलने लिहा, पेनाची शाई इथेनॉलचा एक थेंब पडला तरी उडते.